उन्हाळ्यात खड्डे, श्रावणात अर्ज : आपल्या भागातल्या महापालिका उद्यानासाठी वर्षभराचं वेळापत्रक

पुणे महापालिकेची दोनशेहून जास्त उद्यानं आहेत. सारसबाग, संभाजी उद्यान, कमला नेहरू पार्क, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. आपला रोजचा संबंध मात्र घराजवळच्या दहा-वीस गुंठ्यांच्या बागेशी येतो. तिथे घसरगुंडीचा पत्रा उचकटलेला असतो, मागच्या बाजूचे दिवे बंद असतात आणि जुलैत लावलेल्या रोपांपैकी निम्मी एप्रिलपर्यंत वाळलेली असतात. याबद्दल कुरकुर सगळेच करतात. पण तक्रार कोणाकडे करायची आणि, त्याहून महत्त्वाचं, ती कोणत्या महिन्यात करायची हे ठाऊक नसल्यानं वर्षानुवर्षं काही हलत नाही.

उद्यानाचं काम दोन वेळापत्रकांवर चालतं. झाडांचं काम पावसावर, तर बांधकाम, खेळणी, दिवे ही कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकावर. मार्चमध्ये बाकडी मागितली तर त्या वर्षाचे पैसे संपलेले असतात. ऑक्टोबरमध्ये झाडं लावली तर त्यांना पाऊसच मिळत नाही. योग्य मागणी योग्य महिन्यात आणि लेखी केली, तर महापालिकेकडून बरंच काम करून घेता येतं. ते कसं, ते पुढे क्रमानं लिहितो.

आधी जागा कोणाची ते पक्कं करा

पुण्यात हिरवळ दिसली म्हणजे ती महापालिकेचीच असेल असं नाही. एम्प्रेस गार्डन ही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेकडे आहे. तळजाईच्या टेकडीवरचा बराच भाग वनविभागाचा आहे. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या बागा कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या असतात. सोसायट्यांमधल्या मोकळ्या जागा बहुधा सोसायटीच्याच असतात, आणि त्यांच्या देखभालीसाठी महापालिका पैसे खर्च करत नाही.

उद्यानाच्या फाटकावर महापालिकेचा फलक असेल तर प्रश्नच नाही. फलक नसेल किंवा जागा नुसतीच मोकळी पडली असेल, तर विकास आराखड्यात त्या जागेवर उद्यानाचं आरक्षण आहे का ते पाहा. महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडून सर्व्हे नंबरवरून झोन दाखला मिळतो, त्यात आरक्षण कळतं. आरक्षण आहे पण जागा अजून ताब्यात आलेली नाही, अशी उदाहरणं पुष्कळ सापडतात. तिथे बाकं मागण्यात अर्थ नाही, आधी भूसंपादनाचं काय झालं ते विचारावं लागतं.

कोणतं काम कोणाचं

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. उद्यानातली प्रत्येक गोष्ट उद्यान विभाग करत नाही. झाडं, हिरवळ, छाटणी, माळी, उद्यानाच्या वेळा आणि देखभालीचा ठेका हे उद्यान विभागाकडे. सीमाभिंत, स्वच्छतागृह, शेड अशा बांधकामाशी भवन रचना विभागाचा संबंध येतो. दिवे विद्युत विभागाकडे. नळजोड पाणीपुरवठ्याकडे आणि बाहेर टाकलेला कचरा उचलणं घनकचरा विभागाकडे. फाटकासमोरचा पदपथ उखडला असेल तर तो पथ विभागाचा किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा विषय. एकाच अर्जात या सहा गोष्टी लिहिल्या, की तो अर्ज सहा टेबलांवर फिरतो आणि सातव्या टेबलावर थांबतो. म्हणून एका अर्जात एकाच विभागाचं काम लिहा.

माणसंही ओळखून ठेवा. रोजचं काम माळी आणि बिगारी करतात. त्यांच्यावर मुकादम किंवा हॉर्टिकल्चर मिस्त्री, त्यांच्यावर उद्यान निरीक्षक आणि सगळ्यांच्या वर मुख्य उद्यान अधीक्षक. बऱ्याच उद्यानांची देखभाल आता ठेकेदाराकडे असते, तेव्हा तिथला माळी ठेकेदाराचा असतो. पाइप फुटलाय, गवत वाढलंय अशा गोष्टींसाठी निरीक्षकांना फोन करावा, त्या दोन दिवसांत होतात. पैसे लागणाऱ्या कामाला फोन उपयोगाचा नाही, तिथे कागदच लागतो.

आणि माळ्याशी नीट बोला. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणता पंप कधी बंद पडतो, रात्री भिंतीवरून कोण उतरतं हे त्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आपल्याकडे लोक त्याला ‘ए माळी’ अशी हाक मारतात, याचं मला वाईट वाटतं. त्याला नावानं हाक मारा, चहा विचारा आणि अर्ज लिहिण्याआधी त्याचं म्हणणं ऐका.

पाहणी : एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा अंधारात

एकाच वेळी पाहणी केली तर उद्यान अर्धंच कळतं. बहुतेक उद्यानं दुपारी बंद असतात, त्यामुळे उघडण्याच्या आणि मिटण्याच्या अगदी जवळच्या वेळा निवडा.

सकाळी ज्येष्ठ मंडळी असतात. चालण्याच्या पट्ट्यावर कुठे फरशी वर आलीय, कुठे शेवाळ धरतं, हे त्यांना विचारा. संध्याकाळी उद्यान उघडतं त्या वेळी, चार-साडेचारला, मुलांच्या खेळण्यांजवळ उभे राहा आणि सावली कुठे पडते ते पाहा. मे महिन्यात त्या वेळी लोखंडी घसरगुंडीला हात लावून बघा, म्हणजे मुलं साडेपाचशिवाय का येत नाहीत ते कळेल. त्या खेळण्यांच्या पश्चिमेला झाड नसेल तर तीन वर्षांत सावली देईल असं झाड नेमकं तिथेच लावायला हवं. पत्र्याची शेड मागण्याआधी याचा विचार करा. तिसरी फेरी दिवेलागणीनंतर मारा. बंद दिव्यांच्या खांबांवरचे क्रमांक टिपा, कारण विद्युत विभागाला ‘मागच्या बाजूचा दिवा’ असं सांगून चालत नाही.

एखादी फेरी चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा बाबागाडी घेतलेल्या माणसाबरोबर मारता आली तर जरूर मारा. दुचाकी आत येऊ नये म्हणून फाटकात जे लोखंडी खांब किंवा फिरतं दार बसवतात, त्यातून चाकाची खुर्ची जात नाही. निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी. पायऱ्यांशेजारी उतार करायचा तर १:१२ या प्रमाणात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ठेकेदार जागा वाचवायला उभ्या चढासारखा उतार बांधतात, मग त्यावर ना खुर्ची चढते ना आजी.

पाहणीत दिसलेलं सगळं मागायचं नाही. माझ्या मते क्रम असा असावा : बायकांसाठी वापरण्याजोगं आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, दिवे, सावली, बसायला बाकं. व्यायामाची यंत्रं, कारंजं, प्राण्यांचे पुतळे, रंगीत कमान हे सगळं त्यानंतर. गेल्या काही वर्षांत ‘थीम’च्या नावाखाली छोट्या उद्यानांतली मोकळी माती कमी होत गेली आणि फरसबंदी वाढली. मुलांना पळायला आणि पावसाचं पाणी मुरायला मातीच लागते. अमुक बांधा असं लिहिताना अमुक भाग मातीचाच ठेवा हेही आवर्जून लिहा.

अर्ज असा लिहा

अर्ज साधा, छोटा आणि मोजमापासकट असावा. नमुना देतो :

प्रति,
मा. मुख्य उद्यान अधीक्षक,
पुणे महानगरपालिका.
(मार्फत : उद्यान निरीक्षक, …… क्षेत्रीय कार्यालय)

विषय : …… उद्यान, प्रभाग क्र. …… येथील मुलांच्या खेळण्यांच्या जागेतील दुरुस्तीबाबत.

महोदय,
वरील उद्यानातील खेळण्यांच्या जागेची आम्ही स्थानिक रहिवाशांनी दि. …… रोजी पाहणी केली. दोन झोपाळ्यांपैकी एकाची साखळी तुटलेली आहे. घसरगुंडीच्या तळाशी पत्रा उचकटून धार वर आलेली असून मुलांना इजा होण्याचा धोका आहे. खेळण्यांखालील वाळू निघून गेल्याने काँक्रीटचा पाया उघडा पडला आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.
तरी (१) घसरगुंडी दुरुस्त होईपर्यंत ती तात्काळ बंद करावी, (२) साखळी व पत्रा बदलावा, (३) खेळण्यांखाली पुन्हा वाळू भरावी, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी.
आपले विश्वासू,
(नावे, पत्ते, सह्या)

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘उद्यानाची दुरवस्था झाली आहे’ असं मोघम वाक्य कुठेही नाही. धोक्याची गोष्ट पहिली आहे आणि तिच्यावर आज करता येईल असा उपायही आहे. शेवटी लेखी उत्तर मागितलं आहे. सह्या दहा-बारा पुरतात, पण त्या वेगवेगळ्या इमारतींतल्या आणि जमलं तर वेगवेगळ्या वयाच्या लोकांच्या असाव्यात.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार टाकली तर तिथला तक्रार क्रमांकही याच कागदावर लिहून ठेवा. दुरुस्ती न करताच तक्रार बंद केल्याचा संदेश आला तर ती पुन्हा उघडा आणि त्याच दिवशीचा फोटो जोडा.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर आधी स्मरणपत्र द्या, आणि मग माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली अर्जाला दहा रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘काम का केलं नाही’ असं विचारू नका, कारण कायद्यानं कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. ‘आवक क्र. …… च्या अर्जावरील टिपणी व शेरे यांच्या प्रती द्याव्यात’, ‘या उद्यानाच्या देखभाल ठेक्याचा कार्यादेश व अटींची प्रत द्यावी’ असं मागा (कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला लेखी आदेश). ठेक्याच्या अटी हाती आल्या की किती माळी असायला हवेत, खत कधी घालायला हवं, पाणी किती वेळा, हे सगळं कळतं. पुढचा अर्ज मग त्या अटींवर बोट ठेवून लिहिता येतो.

पैसे कधी आणि कुठून

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव मात्र पावसाळा सरताना सुरू होते. श्रावण-भाद्रपदात मागितलेलं काम पुढच्या उन्हाळ्यात होऊ शकतं, आणि उन्हाळ्यात मागितलेलं थेट त्याच्या पुढच्या वर्षावर जातं.

नागरिकांचा सहभागी अर्थसंकल्प, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची सोय, पुण्यात २००६ पासून आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयांत आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याचे अर्ज निघतात. कामं छोटी लागतात, एका कामाला साधारण पाच लाख रुपयांपर्यंत. उद्यानासाठी हे चांगलं बसतं : बाकं, दिवे, पाण्याची टाकी, उताराची वाट, खत करण्याचे हौद. मुदत कमी असते आणि जाहिरात एखाद-दुसऱ्या दिवशी येऊन जाते. म्हणून पाहणी जुलैतच उरकून ठेवा, म्हणजे अर्ज निघाल्या दिवशी भरता येतो. एकाच कामासाठी वेगवेगळ्या घरांतून अर्ज गेले तर त्या कामाला वजन येतं. जानेवारीनंतर अंदाजपत्रक प्रसिद्ध झालं की त्यात आपलं काम आलं का ते शोधा. आलं नसेल तर का नाही, ते क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा.

दुसरा मार्ग नगरसेवकांचा. त्यांच्या सुचवण्यांची ‘स’ यादी असते, तिच्यातून प्रभागातली कामं होतात. नगरसेवकांना भेटायला जाताना सोबत माप, फोटो आणि नुसता हाताने काढलेला का होईना, नकाशा न्या. आपण काही ठोस घेऊन गेलो नाही, तर बहुधा कमान आणि नामफलकच पदरात पडतो. मोठं काम असेल, म्हणजे पूर्ण नूतनीकरण, तर ‘आराखडा मंजूर होण्याआधी नागरिकांना दाखवावा’ ही एक ओळ मागणीत घाला. पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार होऊन निविदा निघाली की बदल करणं फार अवघड जातं.

झाडं : चैत्रात तयारी, आषाढात लागवड

जूनच्या पाच तारखेला पर्यावरण दिन असतो आणि त्या दिवशी शहरभर झाडं लावली जातात. माझं स्पष्ट मत आहे की पुण्यात तो दिवस लागवडीसाठी घाईचा आहे. तेव्हा मॉन्सून स्थिरावलेला नसतो आणि मध्येच आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं तर कोवळी रोपं करपतात. कार्यक्रम पाच जूनला करायचा तर खुशाल करा, पण त्या दिवशी रोपांचं वाटप, आळी करणं, पालापाचोळा गोळा करणं असं काही ठेवा. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. वनमहोत्सवही जुलैच्या पहिल्याच आठवड्यात येतो.

तयारी मात्र एप्रिल-मेमध्ये सुरू करायची. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि तो महिनाभर उन्हात तापू द्यायचा. अनेक उद्यानांत वरच्या वीतभर मातीखाली राडारोडा भरलेला असतो : विटांचे तुकडे, फरशा, सिमेंटचे गोळे. पहार मारली की ठण्‌ आवाज येतो आणि खड्डा खणणारा तिथेच थांबून फूटभरावर समाधान मानतो. अशा खड्ड्यातलं रोप दोन वर्षं टिकतं आणि मुळं पुढे जाऊ न शकल्यानं एखाद्या वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं. खड्डे खणताना एका माणसानं टेप घेऊन उभं राहावं, हे काम कंटाळवाणं असलं तरी फार महत्त्वाचं आहे. निघालेला राडारोडा बाहेर काढून माती आणि कुजलेलं पानखत किंवा शेणखत मिसळून भरावं.

रोप निदान पाच-सहा फुटांचं घ्या. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवी काढायला विसरू नका. दरवर्षी कार्यक्रमाच्या गर्दीत काही रोपं प्लॅस्टिकसकट जमिनीत जातात. बांबूचा आधार द्या, सुतळी आठाच्या आकड्यासारखी बांधा म्हणजे खोडाला काच बसत नाही, आणि आळ्यात चार बोटं जाडीचं सुक्या पानांचं आच्छादन घाला. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून पाणी आपलं. निदान दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. म्हणून एका इमारतीकडे चार-पाचच झाडं वाटून द्या. शंभर रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा वीस लावून पुढच्या जुलैत वीसही दाखवता येणं जास्त मोलाचं.

कोणती झाडं? बहावा, ताम्हण, कांचन, करंज, कडुनिंब, पळस, पांगारा. ताम्हण हे तर महाराष्ट्राचं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळ्या तुऱ्यांनी भरून येतं, आणि छोट्या उद्यानात मावतं. वड-पिंपळ लावायचे तर भिंतीपासून आणि जलवाहिनीपासून लांब. गिरिपुष्प, सुबाभूळ नव्यानं लावू नका, ती शहरात आणि टेकड्यांवर आधीच बेसुमार आहेत. सप्तपर्णी भराभर वाढते म्हणून रस्त्याकडेला रांगेनं लावली गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांच्या उग्र वासानं अनेकांना त्रास होतो, तेव्हा बाकांशेजारी ती नको.

जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंटचे कट्टे आणि फरशा बांधल्या जातात. बुंध्यापासून एक मीटर तरी माती मोकळी हवी. हे मागायला पैसे जवळपास लागत नाहीत, म्हणून वर्षातला पहिला अर्ज याचाच करा. फांद्यांची धोकादायक वाढ दिसली तर मार्च-एप्रिलमध्येच छाटणीची मागणी द्या, मेमधल्या वादळाची वाट पाहू नका. फांदीवर घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत ती फांदी राहू द्यावी. झाड पडलंच, तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवायचं.

पालापाचोळा जाळणाऱ्याला थांबवा. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते. उद्यानाच्या एका कोपऱ्यात जाळीचा किंवा विटांचा हौद केला, पानं ओलसर ठेवली आणि थोडं शेण किंवा ताक शिंपडलं, की पाच-सहा महिन्यांत खत तयार होतं. सुकी पानं हवी असणारे बागप्रेमीही पुण्यात खूप आहेत. ‘ब्राऊन लीफ’ हा पानांची देवाणघेवाण करणारा उपक्रम इथलाच.

सणांच्या निमित्तानं

वर्षातले सगळे सण उद्यानात साजरे करायची गरज नाही. दोन-तीन निवडा आणि ते नेमानं करा.

ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला फांद्या तोडून विकायला येतात. उद्यानात वड असेल तर सकाळी दोघं-तिघं तिथे थांबा आणि पूजेला आलेल्यांना झाडापाशीच जागा करून द्या, कापूर-उदबत्ती बुंध्यापासून दूर ठेवायला सांगा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. दोन्हींची पानं जोडपानासारखी असतात, म्हणून गल्लत होते. आदल्या दिवशी फाटकावर सूचना लावली आणि मुलांना झाड दाखवलं तरी फरक पडतो. गणपतीत निर्माल्य वेगळं गोळा करून, हार-दोरे-प्लॅस्टिक काढून, खताच्या हौदात टाकता येतं.

दिवाळीतला उपक्रम मात्र मनापासून करावा असा आहे : किल्ला. संभाजी उद्यानात महापालिकेची किल्ले स्पर्धा भरते, ती पाहायला मुलांना न्या. पण घराशेजारच्या उद्यानातही एका कोपऱ्यात चार-पाच किल्ले सहज होतात, आणि ज्या मुलांच्या इमारतीत आता मातीच उरली नाही त्यांना तर याचं फार अप्रूप असतं. उद्यान निरीक्षकांना सप्टेंबरअखेर पत्र द्या. जागा झाडांच्या मुळांपासून लांबची घ्या. माती बाहेरून आणा किंवा पाइपलाइनच्या कामातून निघालेली माती द्यायला निरीक्षकांना सांगा, बागेत खणू नका. प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि तैलरंग नकोत. दगड, गोणपाट, गेरू, चुना पुरतो. दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी उतारांवर हळीव किंवा मोहरी पेरा, दिवसातून दोनदा हातानं पाणी शिंपडा, वसुबारसेला किल्ला हिरवागार होतो. प्रत्येक गटानं आपल्या किल्ल्याची माहिती आल्या-गेलेल्याला तोंडी सांगायची, एवढा एकच नियम ठेवा. सिंहगडाचा कल्याण दरवाजा कोणत्या बाजूला हे दहा वर्षांची मुलगी हात करून दाखवते, तेव्हा आजूबाजूचे आजी-आजोबाही हटत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर ती माती आळ्यांत पसरवून टाका.

थंडीत फुलांचा मोसम. महापालिकेचं फळं-फुलं-भाजीपाल्याचं प्रदर्शन आणि स्पर्धा संभाजी उद्यानात भरते, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत; तारीख दरवर्षी बदलते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं. भाग घ्यायचा तर तयारी आधीपासून हवी. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स यांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचं. गुलाबाच्या छाटणीनंतर साधारण दीड महिन्यानं फूल येतं, तेव्हा जानेवारीअखेरच्या प्रदर्शनासाठी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करायची. उद्यानातल्या माळ्यांनाही स्पर्धेत उतरण्याचा आग्रह करा.

फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. उद्यानात पंधरा मिनिटं बसून पक्षी मोजायचे, एवढंच, आणि काटेसावर फुललेली असेल तर पक्षी आपणहून येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी संध्याकाळचे खेळ ठेवा. पेशवे उद्यानातली १९५६ सालापासूनची फुलराणी ही छोटी आगगाडी आजही मुलांना ओढून नेते, तिथली एक सहल सुट्टीत धरून ठेवायला हरकत नाही.

कार्यक्रमाची परवानगी

दहा-पंधरा जणांनी बसून भजन म्हणायला किंवा योगासनं करायला वेगळं काही लागत नाही, निरीक्षकांच्या कानावर घातलं म्हणजे झालं. मंडप, ध्वनिक्षेपक, स्टॉल किंवा गर्दी असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची वेगळी. निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर घनकचऱ्याच्या नियमांनुसार तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवावं लागतं आणि कचरा ओला-सुका वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकांची असते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सारसबागेतल्या पाडव्याच्या दिवाळी पहाटेला लोटणारी गर्दी पाहून आपल्याही बागेत पहाट करावी असं सगळ्यांना वाटतं. जरूर करा, पण सहाच्या आधी गायचं असेल तर बिनमाइकचं गाणं ठेवा. छोट्या बागेत तानपुरा, पेटी आणि तबला नुसताही छान पोचतो, आणि शेजारच्या इमारतीतलं तान्हं बाळ किंवा आजारी माणूस झोपमोडीतून वाचतो. कोजागरीला उद्यान उशिरापर्यंत उघडं हवं असतं, तेव्हा वेळ वाढवून मागायचं पत्र वेगळं द्या आणि बंद करायला कोण थांबणार त्या माणसाचं नाव त्यात लिहा. पहारेकऱ्याला ताटकळत ठेवू नका.

झाडावर नोटीस दिसली तर

मिळकतकराच्या बिलात वृक्षकर असतो. म्हणजे शहरातल्या झाडांसाठी आपण दरवर्षी पैसे भरतो. महापालिकेच्या वृक्षगणनेत ४० लाखांहून अधिक झाडांची नोंद झाली आहे. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार खासगी जागेतलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. नोटीस दिसली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा, कारण पावसात कागद दोन दिवसांत गळून पडतो.

हरकत लिहिताना ‘झाडं वाचवा’ एवढंच पुरत नाही. झाडाची जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, घरटी, आणि झाड न तोडता काम कसं होईल हे लिहा : भिंत दोन फूट आत घेता येईल, फक्त एकच फांदी कापून भागेल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणून वयाचा मुद्दा महत्त्वाचा. शेजारच्या ज्येष्ठांना विचारून, जुन्या फोटोंवरून वय ठरवता येतं. एखाद्याच्या मुंजीच्या फोटोत मागे उभं असलेलं झाड हा चांगला पुरावा असतो.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेश निघून काम सुरू झालं की जागेवर माहितीफलक हवा : कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. फलक नसेल तर आधी तो मागा. मग दर आठवड्याला त्याच दोन-तीन ठिकाणांहून फोटो काढत राहा. पाया भरण्याआधी, पाइप झाकण्याआधी, फरशी बसवण्याआधी काढलेले फोटो पुढे कामाला येतात, कारण नंतर आतलं काही दिसत नाही. झाडांच्या मुळांवर सिमेंट कालवणं, बुंध्याला तारा गुंडाळणं हे दिसलं तर लगेच निरीक्षकांना फोटो पाठवा.

ठेकेदाराच्या माणसांशी हुज्जत घालू नका, त्यांना जे सांगितलंय तेच ते करत असतात. कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवा आणि भेटीत जे ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून आवक करा.

काम संपल्यावर ठेक्यातला दोष दायित्व कालावधी किती आहे ते कार्यादेशात पाहा. त्या मुदतीत जे मोडेल ते ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं, आणि त्याची अनामत रक्कम तोवर महापालिकेकडे असते. ती तारीख लिहून ठेवा. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी, शक्य झालं तर एखाद्या मोठ्या पावसानंतर लगेच, उद्यानात पुन्हा फेरी मारा. खचलेल्या फरशा, हलणारी बाकं, बंद दिवे, गळणारे नळ यांची यादी करून भवन रचना, विद्युत आणि उद्यान या तिन्ही विभागांना वेगवेगळी पत्रं द्या. अनामत परत करण्यापूर्वी ही कामं करून घ्यावीत, असं प्रत्येक पत्रात लिहा आणि तिन्हींची पोच घ्या.